बड्या खान्यानंतरची गस्त

त्या हिवाळ्यात आमची पलटण उत्तर सीमेवर होती. मी हवालदार, गाव बेटेगाव. माझ्या सेक्शनमध्ये लान्स नायक जयेश तांडेल होता, तारापूरजवळच्या कोळीवाड्यातला. सुट्टीला आम्ही बरोबर निघायचो. बोईसरला उतरलो की तो समुद्राकडे जायचा, मी गावाकडे.

पोस्टवरचं आयुष्य ठरलेलं. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्च्यात सज्ज राहायचं, मग बर्फ वितळवून पाणी करायचं, सेंट्री ड्यूटी, वायरलेसवर रिपोर्ट. जेवण बहुतेक डब्यातलं. खालून फ्रोझन चिकन आलं तेव्हा पोस्ट कमांडरसाहेबांनी बडा खाना, म्हणजे सगळ्यांची एकत्र मेजवानी, जाहीर केली. जयेशने मात्र तोंड वाकडं केलं.

"कोंबडी काय खायाची, दादा? माजा सुका बोंबील बरा हाय."

भात आणि बोंबील घेऊन तो कोपऱ्यात बसला. मी रस्सा दोनदा घेतला, वर भरपूर कच्चा कांदा.

तिसऱ्या दिवशी पोटात मुरडा आला. ताप, जुलाब, रक्तही पडू लागलं. संध्याकाळपर्यंत अर्धी पोस्ट आडवी झाली. हवामान खराब, हेलिकॉप्टर येणं शक्य नव्हतं. मेडिकल ऑफिसर खाली बेसवर होते. त्यांनी वायरलेसवर विचारलं, "चिकन कच्चं राहिलं होतं?"

"नाही सर," आमचा कूक म्हणाला. "कुकरमध्ये नीट शिजवलं."

"कांदा कशावर चिरला?"

कूकने मान खाली घातली. चिकन कापलेल्या फळीवरच, त्याच सुरीने. पाणी वाचवायचं म्हणून फळी नुसती खंगाळून घेतली होती. कोंबडीतले जंतू कुकरमध्ये मेले, फळीवरचे कांद्याबरोबर आमच्या ताटात आले. कूक स्वतःही आजारी होता. त्याला कोणी बोललं नाही.

ऑर्डर आली. आजारी माणसाने लंगरमध्ये, म्हणजे स्वयंपाकघरात, पाऊल ठेवायचं नाही, पाणी उकळूनच, हात साबणाने, ओआरएस सतत. लंगर जयेशने सांभाळलं. रात्रभर तो आमच्या तोंडाला ओआरएसचा मग लावत होता.

सकाळची गस्त माझी होती. मी बूट चढवले, पण उभं राहता येईना.

"तुमी झोपा, दादा. मी जातो."

"जा," मी म्हणालो. आणि मला सुटल्यासारखं वाटलं. ते वाटणं मी आजवर विसरलेलो नाही.

वायरलेस सेट माझ्या उशाशी होता. त्यावर जयेशचा आवाज आला.

"अल्फा वन. नाल्यापाशी पोचलो. ओव्हर."

"रॉजर. सांभाळून. ओव्हर."

थोड्या वेळाने डोंगर गडगडला, हिमकडा कोसळला. सेटवर नुसती खरखर. मी अल्फा वनला हाका मारत राहिलो. बर्फाखालून गस्तीतले बाकीचे जिवंत निघाले. जयेश सगळ्यात पुढे होता.

सुट्टी मिळताच मी त्याच्या आईकडे गेलो. सगळं सांगितलं. "काकू, ती गस्त माझी होती."

तिने मला जवळ बसवलं. "तू गेला असतास तर आज तुजी आय रडत असती. मी तिला काय बोलले असते? तुजा काय दोष नाय."

तिने मला मोकळं केलं. मी झालो नाही.

आता बोईसरला एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर आहे. कामगारांच्या खोल्यांवर रविवारी चिकन आणतात. मी डोकावतो. "प्याज किसपे काटा?" पोरं हसतात, "फिर आ गये फौजी चाचा," म्हणतात, पण फळी आणि सुरी साबणाने घासतात. असं का विचारतो, ते मी त्यांना सांगितलेलं नाही.

लान्स नायक जयेश तांडेल. त्या सकाळी पोस्टवरचा सगळ्यात धडधाकट माणूस तो होता.