थेंब कुठं टाकायचे

“काय पाजलं हिला? मोहाची, की अफू?”

डॉक्टरनं माझ्या भाचीची पापणी उचलून टॉर्च मारला. बाहुली मोहरीएवढी. तिची आई, माझी वहिनी, चपला बाहेर काढून दवाखान्याच्या दाराशी उभी.

“कामाला जाताना पोरं झोपवून ठेवतात साहेब, हे कोलाम लोक,” नर्स म्हणाली. दोघं हसले.

पोरगी दोन वर्षांची. अंग गार, ओठ फिके. हाक मारली की डोळा अर्धा उघडायची, परत मिटायची. श्वास फार सावकाश.

वहिनीनं पदरातली बाटली पुढं केली. “साहेब, हे देल्लं. नाक बंद होतं तिचं.”

“बाहेर थांबा.”

बाटली कुणी पाहिली नाही. सकाळी बाजारातल्या मेडिकलवाल्यानंही ती नुसती सरकवली होती. सोबत एक शब्द नाही. झरीच्या जंगलातल्या आमच्या पोडावर, आम्हा कोलामांच्या वस्तीवर, थेंबांची एकच बाटली येते, पोलिओची. ती तोंडात देतात. वहिनीनंही तोंडातच दिलं. सर्दी फार, म्हणून चमचाभर.

मी बारावी शिकलेली. हक्कांची पत्रकं वाचत वाढले, वाटत फिरले. आणि त्या व्हरांड्यात मी काचेला नाक लावून उभी. काचेतून पोरीची छाती दिसत होती. हलते की नाही, कळेना.

“तुले वाचता येते ना वं?” वहिनीनं बाटली माझ्या हातात कोंबली. “मंग वाच ना!”

मी आत शिरले. मोठ्यानं वाचलं. ऑक्सिमेटाझोलिन. मोठ्यांसाठी. नाकात टाकायचं.

डॉक्टरनं बाटली हिसकावली. मग धावपळ. ऑक्सिजन. बोटाला मशीन.

“तिला उलटी तर नाही करवली?” डॉक्टरनं वहिनीला विचारलं.

“नाही साहेब.”

“करवायची नसतेच.” मग नर्सकडं वळून, “हे पोटात गेलं की ठोके मंदावतात, श्वास थांबू शकतो. असर उतरेपर्यंत नजर हटवू नका.”

पुढचं सगळं नर्सला. आईला काही नाही.

दुसऱ्या सकाळी पोरगी भुकेनं रडली. नर्स सुट्टीचा कागद घेऊन आली. त्यावर लिहिलेलं, ‘आईच्या निष्काळजीपणामुळे.’ तिनं वहिनीचा अंगठा शाईत दाबला. मी वहिनीचा हात मागं ओढला.

“अंगठा नाही तर सुट्टी नाही.”

“नका देऊ. आधी लिहा, औषध कुठं टाकायचं ते कुणी सांगितलं नाही. आईनं बाटली दाखवली, कुणी पाहिली नाही.”

“फार शिकलीस गं!”

“हो.”

त्यांनी ते लिहिलं नाही. वहिनीनं अंगठा लावला नाही. दुपारी आम्ही सुट्टीच्या कागदाशिवायच पोरीला घेऊन चालत निघालो.

आता पोडावरच्या कुणाचंही औषध आणायला मी जाते. कुठं, किती, जास्त झालं तर काय, हे सांगेपर्यंत काउंटर सोडत नाही. मागं रांग ओरडते. ओरडू दे.