परातीतला समुद्र

आमच्या घरात समुद्र कोणी पाहिला नव्हता, आणि त्याची कोणाला खंतही नव्हती. दरबाराबरोबर दख्खनेतून धारला येऊन राहिलेलं आमचं घराणं. समुद्राचा विषय निघाला की थोरले काका म्हणत, "आपल्याला नर्मदा आहे, पुरे आहे." नर्मदा पुढे कुठे जाते हे विचारायची सोय नव्हती.

काका संस्थानात कामदार, म्हणजे मोठे अंमलदार, होते. संस्थान विलीन झालं, कचेरीवरची पाटी बदलली, कारभार हिंदीत गेला आणि काका घरी बसले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसे ते उरलेला सगळा अंमल घरावर गाजवू लागले. त्यातही काकांचा हुकूम म्हणजे थोरल्या काकूंनी आधीच स्वयंपाकघरात ठरवलेली गोष्ट असे. माझे वडील भावासमोर खुर्चीवर बसत नसत, तोंड उघडणं तर दूरच.

त्या वर्षी मी मॅट्रिकची परीक्षा दिली होती आणि मला इंदूरला कॉलेजात जाऊन भूगोल शिकायचा होता. इंदूरला मावशी होती, ती ठेवून घ्यायला तयार होती. म्हणजे नाही म्हणायला कारणच नव्हतं. काका म्हणाले, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही, आणि तेही आपल्या तोंडाने न म्हणता. सरळ 'नाही' म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

भूगोलाचं वेड मला शाळेतल्या बाईंनी लावलं. पुस्तकं नुकतीच हिंदी झाली होती. बाई परिच्छेद हिंदीत वाचत आणि आम्हां मराठी मुलींना मराठीत समजावून देत. समुद्राच्या प्रवाहांचा धडा त्यांनी असा शिकवला की मी घरी येऊन जेवायचं विसरले. समुद्राच्या पोटात नद्या वाहतात, गंगा-नर्मदा त्यांच्यापुढे ओहोळ! एकाच दिशेने सतत वाहणारा वारा वरचं पाणी ढकलत नेतो, पृथ्वी फिरते म्हणून ते पाणी वाकडं वळतं, किनारा आडवा आला की आणखी वळतं आणि मोठा फेरा घेऊन परत येतं. ध्रुवाकडचं पाणी थंड आणि खारट, म्हणून जड. ते खाली बुडतं आणि तळातून सरकत राहतं. उष्ण प्रवाह लागतो त्या किनाऱ्यावर भर थंडीतही बंदरं गोठत नाहीत. थंड प्रवाहाच्या काठाला समोर एवढा समुद्र असून वाळवंट असतं. आणि आपला हिंदी महासागर तर असा, की वारा फिरला की त्याच्या उत्तरेकडचे प्रवाहही उलटे फिरतात. वर्षातून दोनदा. समुद्र आपलं मत बदलतो, आमचे काका बदलत नव्हते.

आईला माझी तगमग दिसत होती. चैत्र लागला तेव्हा ती म्हणाली, "या वर्षी गौरीपुढची आरास तू कर. तुझा तो समुद्रच मांड. जाऊबाईंना डोळ्यांनी दिसलं तर पटेल." चैत्रात गौर पाळण्यात बसते, घरोघर हळदीकुंकू होतं, आणि गौरीपुढची आरास बघून बायका त्या घरच्या मुलींची अक्कल जोखतात. कोणी कैलास करी, कोणी गोकुळ. समुद्र धारमध्ये कोणी मांडला नव्हता.

मी आणि माझी चुलतबहीण कामाला लागलो. ती काकूंची मुलगी, माझ्याहून थोडी लहान, गणितात माझ्यापेक्षा सरस. घरातली सर्वांत मोठी पितळी परात विटांवर ठेवली. तळ्याकाठच्या काळ्या मातीचे किनारे केले. परातीच्या डाव्या कडेखाली, विटांच्या आड, तेलाचा दिवा लावला. तो विषुववृत्तावरचा सूर्य. उजव्या कडेला पाण्यात बर्फाचा खडा ठेवला. तो ध्रुव. बर्फ इंदूरहून मोटारीने भुश्शात गुंडाळून येई. बर्फवाला हसून म्हणाला, "बेन, सरबत हमको भी पिलाना!" पाणी स्थिर झालं. मी अक्षता-कुंकवाच्या तबकातलं चिमूटभर कुंकू पाण्यावर भुरभुरलं, तर ते हळूहळू दिव्याकडून बर्फाकडे निघालं. भिजलं तेवढं बर्फापाशी बुडालं आणि पितळेच्या तळावरून परत दिव्याकडे सरकू लागलं. बहिणीने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. आम्ही दोघी आनंदाने वेड्या झालो होतो.

संध्याकाळी बायका आल्या. पन्हं झालं, आंब्याची डाळ झाली, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओट्या भरल्या. मी बोलायला उभी राहणार, तोच काकू पुढे झाल्या. गौरीपुढे पाणी दिसलं की आमच्या बायकांचा हात थांबत नाही. त्यांनी गौरीला कुंकू वाहिलं आणि तशीच चिमूट पाण्यालाही वाहिली. कुंकू उजवीकडे चालू लागलं.

शेजारची माळवी बाई ओरडली, "अरे बाई, यो तो अपने आप चाली रियो हे!"

काकूंनी हात जोडले. "उजवा कौल," त्या म्हणाल्या. "गौर बोलते आहे."

झालं! देवीला फुलं लावून, उजवं पडलं तर होकार, असा कौल मागायची रीत आमच्या लोकांनी दख्खनेतून जपून आणलेली. शहाणपण तेवढं तिकडेच विसरले. बायका रांगेने पुढे आल्या. एकीने मुलाची नोकरी विचारली, एकीने सुनेचे दिवस. प्रत्येकीचं कुंकू उजवीकडे गेलं, जाणारच होतं. जी ती डोळे पुसत मागे सरे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढा सूर्य मांडला, ध्रुव मांडला, आणि ह्यांना त्यात ज्योतिषी दिसला!

मग काकूंनी पुन्हा चिमूट घेतली आणि मोठ्याने म्हणाल्या, "आई, ह्या पोरीला इंदूरला पाठवावं का?"

आईने मागून माझा पदर ओढला. "गप्प राहा," ती कुजबुजली. कुंकू उजवीकडे निघालं होतं. मी नुसती श्वास रोखून उभी राहिले असते तर काम झालं होतं. पण मी विटा बाजूला सारल्या, खालचा दिवा सगळ्यांना दाखवला आणि ओरडले, "गौर नाही, हा दिवा बोलतोय! गरम पाणी हलकं होतं, थंड पाणी जड होतं, यात कौल कसला? मला पाठवायचं तर माझी अक्कल बघून पाठवा!"

बायकांनी ओटीतले हरभरे सावरले आणि एकेक करत निघून गेल्या. काकू एवढंच म्हणाल्या, "गौरीपुढे फसवणूक केलीस." फसवणूक मी केली होती म्हणे. मी, जिने दिवा दाखवला!

पुढे पाऊस लांबला. आषाढ आला तरी आभाळ कोरडं. माळव्याची काळी जमीन एवढी भेगाळली की वासराचा पाय अडकावा. आणि कावळा बसायला अन् फांदी तुटायला गाठ पडावी, तसं सगळ्या आळीला कारण सापडलं: अमक्यांच्या मुलीने गौरीपुढे आवाज चढवला. आमचा पाऊस आफ्रिकेच्या बाजूने समुद्र ओलांडून येणाऱ्या वाऱ्यांवर येतो, ते वारे वाटेत तापलेल्या समुद्राची वाफ पिऊन येतात, हे मला पाठ होतं. एवढा मोठा महासागर एका मुलीच्या ओरडण्याने रुसतो, असं या लोकांना खरोखर वाटत होतं. माझा निकाल लागला होता, चांगल्या गुणांनी, पण पेढे वाटले नाहीत. उलट महादेवाचा गाभारा पाण्याने कोंडायचा ठरला आणि घागरी वाहायला मला लावलं. विहिरी आटलेल्या, माणसं चिखलाचं पाणी गाळून पिणारी, आणि आम्ही पिंडीवर घागरी रिकाम्या करत होतो. हात सोलवटले. इंदूरचे प्रवेश बंद व्हायला आले.

मग पाऊस आला. यायचाच होता. काकू म्हणाल्या, "बघ, तू सेवा केलीस म्हणून गौरीने क्षमा केली."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात आई दाराआडून बोलली. काका ओसरीवर होते. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती आयुष्यात पहिल्यांदा बोलत होती. "जाऊबाई, गौरीने क्षमा केली म्हणता, तर मग कौलही खराच धरायला हवा. दिवा पोरीने लावला, कबूल. पण बर्फ उजवीकडे ठेवायची बुद्धी तिला कोणी दिली? डावीकडेही ठेवला असता की."

काकू विचारात पडल्या. मग त्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनी गौरीच्या कोनाड्याकडे बघून हात जोडले. "खरं गं बाई," त्या म्हणाल्या. आईने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी नव्हती, धाक होता. बर्फ उजवीकडे ठेवला कारण डावीकडे पाळणा आड येऊन पाण्यापर्यंत हात पोचत नव्हता, एवढंच सांगायचं होतं मला. मी सांगितलं नाही. दोन दिवसांनी वडिलांनी मला इंदूरच्या मोटारीत बसवलं.

मला आईचा राग नाही. त्या घरात दुसरी वाट नव्हती, आणि होती तेवढी तिने शोधली. मला राग त्या घराचा आहे, जिथे माझे गुण कोणी विचारले नाहीत आणि मला चिमूटभर कुंकवावर शिकवलं. इंदूरला मी खरे नकाशे पाहिले, खरे प्रवाह शिकले, आणि दर पानाला ते घर आठवून माझं डोकं तापे.

पुढल्या वर्षी चुलतबहिणीने मॅट्रिकची परीक्षा दिली. तिला गणित शिकायचं होतं. मी इंदूरला होते. जे झालं ते मला नंतर तिनेच सांगितलं, अगदी शांतपणे. चैत्रात काकूंनी पुन्हा परात मांडली. बहिणीने बर्फ मागवू का विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "दिवा नको, बर्फ नको. मागच्या वेळी त्यावरूनच बोलणं झालं. या वेळी शुद्ध कौल." परातीत नुसतं विहिरीचं पाणी भरलं, गौरीला नमस्कार केला आणि कुंकू टाकलं.

कुंकू टाकलं तिथेच राहिलं. वैशाखात तिचं लग्न झालं.