असोद्यात दिसेल तोच शब्द

मी धुळ्यात इंग्रजीची शिकवणी घेतो. दारावर पाटी आहे, पाटीवर माझ्या नावापुढे एम. ए. आहे, आणि त्या पदवीला मान देणारी आमच्या घरात ती पाटी एवढीच. बायको भूमिका मला ‘अहो’ म्हणते, पण ज्या सुरात म्हणते त्यात एम. ए. काही बसत नाही. तरी माझी खरी फजिती धुळ्यात होत नाही. ती सासुरवाडीला, असोद्याला होते आणि करणारे माझे सासरे, रतिलाल आबा.

आबांची केळीची बाग. दहावीला इंग्रजीत दोनदा आपटले, शाळा सुटली, पण इंग्रजीवरची खुन्नस सुटली नाही. औषधांच्या बाटल्या, खतांच्या गोण्या, मोटारपंपावरचे पत्रे, दिसेल ते वाचत सुटले. पुढे केळीच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून त्यांनी चौकोन केले, एकेकावर एकेक इंग्रजी अक्षर काढलं आणि बिस्किटाच्या डब्यात भरून ठेवले. बिचारे खेळायला कुणीतरी मिळेल म्हणून वाट बघत होते. आमच्या साखरपुड्याला मी आयताच सापडलो.

खेळ सोपा. चुलीत कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत असतात, तेवढ्यात डब्यातून सात अक्षरं काढून मधे मांडायची. दोघांनी आळीपाळीनं त्यांतून शब्द लावायचे. ज्याचे शब्द संपले तो हरला, आणि हरेल त्यानं बडगीत, म्हणजे लाकडी उखळात, सगळ्या घराचं भरीत ठेचायचं. समोर दहावी नापास सासरा बघून मला त्यांची दया आली होती. मी मुद्दाम वजनदार शब्द काढला, ‘पिअर’.

“म्हंजे काय?”

“जहाज लागतं ना आबा, तो धक्का.”

“असोद्यात जहाज कवा लागलं, जवाईबापू?”

तेव्हा मला कळलं की खेळाला आणखी एक नियम आहे. जे असोद्यात दिसत नाही, तो शब्द नाही. मी डिक्शनरीचं नाव काढलं, तर आबांनी शांतपणे विचारलं, “लिहिनारा असोद्याचा व्हता का?” मग त्यांनी ‘ड्रिप’ लावला आणि मला बागेत नेऊन नळी दाखवली. ‘टॅप’ लावला, विहिरीवरच्या तोटीपाशी नेलं. मी घामाघूम होऊन शेवटचा शब्द लावला: आय, आर, ए, टी, ई. आयरेट.

“म्हंजे संतापलेला माणूस,” मी म्हणालो.

“दाखवा.”

मी घरभर पाहिलं. सासूबाई, म्हणजे सुगंधाबाई, हसत होत्या. भूमिका हसत होती. मी स्वतः नवा जावई, मी तर कानापर्यंत हसत होतो. “आमच्या घरी कोनी संतापत नाही,” आबा म्हणाले. “उचला मुसळ.” मी साखरपुड्याच्या सदऱ्यात भरीत ठेचलं.

तेव्हापासून दर हिवाळ्यात तीच कथा. अक्षरं जुळून आली की मी आयरेट लावतो, आबा तो बाद करतात. मग मी वाद घालतो, जावयाला शोभेलसा, गोड हसून, पुस्तकी मराठीत. आणि भरीत ठेचतो. पाटीवरची एम. ए. धुळ्यातच राहते हे बरं.

यंदा दिवाळीनंतर आबांना लकवा झाला. उजवा हात गेला. जीभ जड झाली होती, पण डॉक्टर म्हणाले, बोलता येईल, फक्त त्यांना बोलतं करा. आबा मात्र बोलेनात. पाणी हवं का विचारलं तर मान हलवायची, नाहीतर भिंतीकडे बघत पडायचं. जो माणूस डिक्शनरीचंही ऐकत नव्हता, तो आता सगळ्यांचं सगळं ऐकत होता. याचीच सासूबाईंना धास्ती वाटत होती.

असोद्याला जाताना एसटीत भूमिकेनं मला ताकीद दिली. “आज आबांशी खेळा. आणि हरा.”

“मी दर वेळी हरतोच.”

“तुम्ही वाद घालून हरता. आज गप्प हरा. ते काहीही लावोत, वा म्हणा.”

डबा काढला. सात अक्षरं मांडली. समोर आयरेट ढळढळीत पडला होता, तो मी गिळला आणि ‘पिट’ लावला. आबांनी डाव्या हातानं टी, पी आणि आर सरकवले. असा शब्द नाही. “वा आबा!” मी म्हणालो. दुसऱ्या खेपेला त्यांनी आणखी भलतंच काही लावलं. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. त्यांना इंग्रजी येत नाही, पण मला येतं ना! माझ्या कानशिलाची शीर उडायला लागली. आबा एकदा माझ्याकडे आणि एकदा अक्षरांकडे बघत होते. मग त्यांनी सातही अक्षरं हातानं नुसती एका ओळीत ढकलली. “सगळी लागली! आबा जिंकले!” भूमिका ओरडली. आणि आबांनी बडगी पायानं माझ्याकडे सरकवली.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझा तर सुंभही जळला नव्हता. मी ताडकन उठलो, आणि पुस्तकी मराठी गेली उडत, धुळ्याच्या गल्लीतली अहिराणी तोंडातून बाहेर पडली.

“आबा, हाऊ काय शब्द शे? बठ्ठा जगमा हाऊ शब्द कोठेच नही शे! तुम्हले माहीत शे नि मालेबी माहीत शे!”

भूमिकेनं माझ्याकडे असं पाहिलं की परतीचं तिकीट एकाचंच निघेल अशी माझी खात्री झाली. असा शब्द सगळ्या जगात नाही, म्हणून आजारी माणसावर ओरडलो होतो मी, जावई म्हणवणारा.

आबांनी डावा हात पुढे केला. एक अक्षर उचललं, बाजूला ठेवलं. मग दुसरं. फार वेळ लागत होता, पण मदतीला कुणी हात पुढे केला की ते तो झिडकारत होते. आय. आर. ए. टी. ई.

मग बोट माझ्याकडे रोखलं. ओठ एका बाजूला ओढला गेला.

“दि… दिसला,” आबा म्हणाले. “असोद्यात… दिसला.”

सासूबाई पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. पण एवढ्या वर्षांचा हिशेब सोडायला मी काही संत नाही. “म्हणजे शब्द मान्य?” मी विचारलं.

“मान्य,” आबा म्हणाले. “आता… ठेचा.”

मी मुसळ उचललं. मला इतका आनंद झाला होता की राग कुठल्या कुठे पळाला होता. तरी भरीत ठेचून होईपर्यंत मी कपाळावरची आठी मोडली नाही. हसलेलं दिसलं असतं, तर म्हाताऱ्यानं शब्द पुन्हा बाद केला असता.