पाचव्या माळेचं स्कॅन

ऐन नवरात्रात आई माझीच परीक्षा का पाहते आहे, म्हणून मी देवीवर चक्क रुसले होते. रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालेलं आणि यजमानांच्या नोकरीपायी आम्ही नागपूरहून नवेच आलेलो. घरी घट बसलेले आणि कॉलेजातली लेक पोट धरून बसलेली. सासूबाई म्हणाल्या, "उपासाचा गॅस आहे, दुसरं काही नाही," आणि बेंबीला हिंग लावून वर साबुदाण्याची खिचडीच चारली. पाचव्या माळेला पहाटे ताप चढला, तेव्हा दवाखाना गाठला.

साबुदाण्याच्या कृपेने सोनोग्राफीत नुसता गॅस दिसला, सीटी स्कॅनमध्येही धड कळेना. अपेंडिक्स असेल तर लगेच काढायला हवं. पण लेकीचं हृदय जन्मापासून नाजूक, खात्री नसताना भूल द्यायला सर्जन धजेनात. थांबावं तर ते फुटायची भीती. मी बाहेर बाकावर रडत होते. शेजारी कुणाला तरी भेटायला आलेल्या एक अनोळखी बाई होत्या. त्यांनी चौकशी केली. त्या समता कॉलोनीतल्या एका केंद्रात न्यूक्लिअर स्कॅन करणाऱ्या डॉक्टर निघाल्या! "दीदी, एक जांच और हो सकती है," म्हणत त्या तडक सर्जनकडे गेल्या.

तपासणी अशी, की लेकीचं रक्त काढून त्यातल्या पांढऱ्या पेशींना किंचित किरणोत्सर्गी औषध लावायचं आणि त्या परत शिरेतून सोडायच्या. जिथे सूज असेल तिथे त्या आपणहून धावतात आणि कॅमेऱ्याला दिसतात. हे ऐकून सासूबाई हादरल्या. "काहून वं, पोट्टीच्या पोटात अणुबाँब सोडून राहिले का?"

लेक कण्हता कण्हता हसली. "आजी, बाँब नाही, माझंच रक्त आहे!"

आई, आता तू जाण, एवढंच म्हणून मी डोळे मिटले. का कोण जाणे, जिवाला एकदम थंडावा वाटला. काही तासांनी त्यांच्या केंद्रातल्या पडद्यावर पोटात उजवीकडे खाली एक ठिपका उजळला, समईच्या ज्योतीएवढा. दुखणं सापडल्याचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता. संध्याकाळीच ऑपरेशन झालं. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. लेकीच्या हृदयाने छान साथ दिली.

शरण जाणं म्हणजे हातपाय गाळणं नव्हे, हे मला तेव्हा उमगलं. मागायचं देवीकडे, आणि ती ज्या हाताने देईल तो हात धरायचा.

अष्टमीला देवीची ओटी भरायला निघाले, ती आधी त्या केंद्रात गेले. डॉक्टर बाईंना ओटी म्हणजे काय ठाऊक नव्हतं. खण-नारळ पाहून त्या गोंधळल्या. मी पदर पसरून दाखवला, तेव्हा हसून त्यांनी आपला पांढरा कोट दोन्ही हातांनी पुढे पसरला.