आमच्या क्लाउडचा पाणीपुरवठा

सलग दुसऱ्या वर्षी पाऊस झाला नाही आणि त्याच वर्षी आमच्या मालकांनी कारखान्याचं स्वतःचं क्लाउड उभारायचं ठरवलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. मालक पुण्यातलं एक प्रदर्शन पाहून आले होते, एवढंच कारण. भाड्याचं क्लाउड घेणं म्हणजे आपला माल दुसऱ्याच्या गोदामात ठेवणं, असं त्यांना तिथं कुणीतरी पटवलं होतं. मी संगणक विभागाची प्रमुख. विभागात मला धरून दोन माणसं होती, त्यामुळं प्रमुख होणं फारसं अवघड गेलं नव्हतं.

क्लाउड म्हणजे प्रत्यक्षात जुन्या कॅन्टीनच्या कोठीत ठेवलेले चार मोठे सर्व्हर आणि त्यांचं सामाईक स्टोरेज. प्रत्येक विभागानं आपले कम्प्युटर जमा करायचे, टेबलावर फक्त मॉनिटर आणि कीबोर्ड ठेवायचा, आणि खरं काम सर्व्हरवर कापून दिलेल्या आपल्या वाट्यात करायचं. त्या वाट्याला आम्ही मशीन म्हणायचो. मशीन हवं असलं की एक फॉर्म भरायचा, दहा मिनिटांत मिळायचं. सर्व्हरसाठी कोठीत दोन एसी बसवले. अख्ख्या कारखान्यात तेवढीच एक खोली थंड, म्हणून पहिल्याच आठवड्यात कुणीतरी पिण्याच्या पाण्याचे जार तिथं आणून ठेवले. मी माझ्या यादीत ‘जार हलवणे’ असं लिहिलं. दर सोमवारी ती ओळ मी नव्या यादीत नेमानं उतरवून घेत असे.

आपला कम्प्युटर सगळ्यात शेवटी दिला तो ड्रॉइंग विभागाच्या काकांनी. त्यांच्या निवृत्तीला वर्षभर राहिलं होतं. एका मोठ्या ग्राहकाच्या नव्या डायचं, म्हणजे साच्याचं, काम ते चार महिने करत होते. ती ड्रॉइंग ठरलेल्या शनिवारी दुपारी चारपर्यंत पोचली नाहीत, तर काम दुसऱ्या शहरातल्या कारखान्याकडं जाणार होतं. तो कारखाना वाटच पाहत बसला होता.

“ताई, माझं सगळं यात आहे,” काका कम्प्युटरवर हात ठेवून म्हणाले.

“काका, इथल्यापेक्षा कोठीत जास्त सुरक्षित राहील.”

“शब्द देता?”

“देते,” मी म्हणाले, आणि त्यांच्या नावापुढं बरोबरची खूण केली.

तीन महिन्यांत मशिनं वाटून झाली. मागेल त्याला मिळतं म्हटल्यावर प्रत्येकानं मागितलं. स्टोअरचे प्रमुख पिशोर गावचे, घरी शेती, नोकरी इथं. त्यांच्याकडं सहा मशिनं होती.

“वापरता किती?” मी विचारलं.

“एक.”

“मग बाकीची पाच?”

“असू द्या की मॅडम. लागत्यात कधी बी. उद्या तुम्ही नाय म्हणाल.”

“मी कधी नाही म्हणाले?”

“अजून नाय म्हणाला. म्हणून तर आत्ताच घेऊन ठिवली.”

वाटलेली जागा असलेल्या जागेच्या दुप्पट झाली होती. यात फसवणूक काही नाही, या कामाची रीतच ती: सगळे एकदम वापरणार नाहीत, या भरवशावर वाटत जायचं. शहरही त्याच भरवशावर वाढत होतं. हर्सूलच्या पुढं रोज नवीन प्लॉटिंग पडत होतं आणि प्रत्येक फलकावर चोवीस तास पाणी लिहिलेलं होतं. माझ्या क्लाउडचा निदान फलक तरी नव्हता.

तरी मला शिस्त लावायची हुक्की आली. त्या शुक्रवारी सकाळी आमच्या गारखेड्यातल्या कॉलनीच्या ग्रुपवर निरोप आला की लाइनच्या दुरुस्तीमुळं पुढचे काही दिवस पाणी येणार नाही. मी दोन ड्रम भरले, हंडे भरले, कुकर भरला, डब्यांची झाकणंसुद्धा भरली. नवऱ्यानं दाढीचा मग भरून वर बशी झाकली. एवढं उरकून मी कारखान्यात आले आणि सगळ्या विभागांना सूचना पाठवली: जी मशिनं रिकामी दिसतील, ती सोमवारी परत घेतली जातील. या दोन्ही गोष्टींत मला काहीही साम्य दिसलं नाही.

बाकी सगळ्यांना दिसलं असावं. दुसऱ्या दिवशी, काकांची ड्रॉइंग जायची होती त्याच शनिवारी, सकाळी मी येऊन पाहते तर स्टोरेजचा आकडा चढत होता. कुणाचंही मशीन रिकामं दिसायला नको, म्हणून जो तो त्यात सापडेल ते ओतत होता. स्टोअरनं स्नेहसंमेलनाचे फोटो सहाही मशिनांत भरले होते. अकाउंट्सनं आपल्या फायली आधी एकदा, मग पुन्हा एकदा उतरवल्या होत्या. मी फोन लावायला घेतले, पण पाऊण वाजता स्टोरेज काठोकाठ भरलं आणि प्रत्येक मशीन जागच्या जागी थिजलं. त्यात काकांचंही होतं.

काका कोठीच्या दारात येऊन उभे राहिले.

“ताई, काही हलत नाही.”

“किती राहिलंय?”

“दोन शीट. आणि पाठवायचं.” ते एवढंच बोलले. शब्दाची आठवण त्यांनी करून दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं.

मी स्टोअरला फोन करून विचारलं, तुमची कुठली मशिनं पुसू?

“आमचं काऊन? आधी अकाउंट्सचं पुसा. त्यांनी लई भरलंय.”

अकाउंट्सनं स्टोअरकडं बोट दाखवलं. शेवटी कुणी किती जागा धरली आहे, याची मी यादी काढली. पहिलं नाव माझं होतं. आणीबाणीसाठी म्हणून तीन मशिनं मी राखून ठेवली होती आणि त्यांत सगळ्या कारखान्याच्या कामाच्या प्रती होत्या, दोन-दोन. तिसरी वेगळ्या डिस्कवर होती ती निराळीच. मी ती तिन्ही मशिनं पुसली आणि क्लाउड हललं.

दहाच मिनिटं. अर्ध्यावर अडकलेल्या सगळ्यांच्या कॉप्या पुन्हा सुरू झाल्या आणि आकडा परत चढायला लागला. तेव्हा मी काकांचं सोडून कारखान्यातलं एकूण एक मशीन बंद केलं.

लगेच फोन खणखणला. स्टोअर.

“मॅडम, आमचं बंद पडलं.”

काय समजावून सांगावं ते सुचेना. “लाइन बंद आहे,” मी म्हणाले.

“व्हय का? कधी येईल?”

“चारनंतर.”

“बरं. मग जेवून घेतो.”

अकाउंट्सनंही तेवढंच विचारलं. सहा महिने मी या लोकांना बैठका घेऊन नियम समजावत होते आणि दर बैठकीत वाद होत होता. आज कुणी कारण विचारलं नाही, कुणी मालकांकडं गेलं नाही. मालकांनी स्वतः फोन करून आपली लाइन कधी येणार ते विचारलं आणि ठेवून दिला.

काकांनी चारला वीस कमी असताना ड्रॉइंग पाठवली. पाच मिनिटांत ग्राहकाची पोच आली. ती त्यांनी मला दोनदा वाचून दाखवली.

“ताई, आता माझ्या मशीनमध्ये जागा किती आहे?” त्यांनी विचारलं.

“सध्या सगळी तुमचीच आहे.”

“मग आणखी एक कॉपी करून ठेवतो.”

मी त्यांना थांबवलं नाही. चार वाजून गेले तरी त्यांची कॉपी चालू होती, म्हणून बाकीच्या विभागांना मी साडेपाच सांगितलं. कुणाचीही तक्रार आली नाही.