हुद्द्याच्या मापाची काठी

दिल्लीत आमच्या ऑफिसच्या फाटकाशी रोपांची हातगाडी लावणारा तो माणूस कुंडी नंतर बघायचा, आधी हुद्दा विचारायचा. मनी प्लांट चढवायला काथ्या गुंडाळलेली काठी मागितली की एक डोळा बारीक करून म्हणायचा, "साहब, पोस्ट क्या है?" अंडर सेक्रेटरीपर्यंत दोन फुटी, डेप्युटी सेक्रेटरीला तीन, जॉइंट सेक्रेटरीला चार. मी अंडर सेक्रेटरी. पण माझ्या प्रमोशनची फाईल वर गेली होती, म्हणून मी ऐटीत तीन फुटी मागितली. त्याने निमूट दिली.

रोपाला जेमतेम चार पानं. मी वेल फायलीच्या पांढऱ्या नाडीने काठीला करकचून बांधला आणि रोज पानं पुसू लागलो. केबिनमध्ये येणारा प्रत्येकजण काठीची उंची बघून "अच्छा!" म्हणायचा. महिन्याभरात पानं पिवळी पडली.

चिडून कुंडी घेऊन खाली गेलो. त्याने दोन बोटांनी काथ्या दाबला. कोरडाठाक. मग नाडी सोडत तो म्हणाला, "साहब, बांधने से कोई नहीं चढ़ता. डंडा गीला रखो, जड़ अपने आप पकड़ेगी. आप लोग बस पत्ते पोंछते हो."

आप लोग! मी रागाने वर पाहिलं. मजल्यामागून मजले, खिडकीखिडकीत उंच काठ्या उभ्या होत्या, आणि वेल सगळे काठ्यांच्या बुडाशीच लोंबत होते.

तेवढ्यात त्याने माझी काठी उपसून दोन फुटी खोचलीसुद्धा. माझी फाईल परत आल्याचं मी त्याला सांगितलंही नव्हतं.