ज्योत्स्नाच्या घरचा पास्ता

शेजारच्या ज्योत्स्नाची गोष्ट लिही, प्रतीक्षा. जशी सांगते तशी लिही, सुधारत बसू नगं.

शिरगावची पोर. लगीन होऊन हितं कार्ल्याला आली तवा तिची कढई तापली की आख्ख्या आळीला भूक लागायची. सुकट भाजाय लागली की रस्त्यानं जानारी मानसं मान वळवायची. घरात सासू न्हवती. सासरा श्रीपती आबा, नवरा प्रज्ञेश खंडाळ्याच्या हाटेलाची गाडी चालवतो, आन् दोन लेकरं. घरात तिच्या शब्दाला वजन हुतं, ते तिनं रांधून रांधून मिळवलेलं.

मग ती करोनाची साथ आली. तिला बी ताप आला. ताप गेला, पर जाताना तिचं नाक घिऊन गेला. कसला म्हनून वास येईना. डाक्टर म्हनला, येईल हळूहळू. वर्सं गेली, न्हाई आला. मला कळलं ते उंदरामुळं. तिच्या फळीमागं उंदीर मरून पडलेला, वासानं मी उंबऱ्यातनंच मागं सरले, आन् ही बया तितंच बसून निवांत जेवत हुती! मी खोदून इचारलं. तवा बोलली.

"मावशी, कुनाला सांगू नका. आबा लगेच चंपा वन्संना बोलावतील. त्या आल्या की माज्या हातात काय ऱ्हानार?"

चंपा म्हंजी आबांची लेक. नवऱ्याशी पटंना म्हनून लोनावळ्यात खोली घिऊन ऱ्हायची, पर डोळा भावाच्या घरावर.

"अगं, नवऱ्याला तरी सांग."

"सांगते, मावशी. येळ बघून सांगते."

पास्ता त्यातनंच आला बघ. फोडनीला नाक लागतं. लसून करपाय लागला हे नाक आधी सांगतं, डोळा मागनं. पास्त्याचं तसं न्हाई. पानी उकळलेलं दिसतं, नळी शिजली का ते दाताला कळतं. मोबाइलवर बघून शिकली. आधी ऐतवारी करायची, मग मधी एकदा, मग रोजच सुरू. लेकरं येडी झाली. आबा ताट बघून म्हनायचे, "सूनबाई, आज बी नळाचं काम काढलंस व्हय?" सगळी हसायची, ती बी हसायची.

मला न्हाई हसू यायचं. एकदा तिनं दुधातला पांढरा पास्ता केला, मला बी वाटीभर दिला. दूध उतरलेलं, वास मारत हुता. लेकरांनी तोंडं वाकडी केली. "चीज असंच असतं, खा," म्हनली, आन् माज्याकडं असं बघितलं का मी वाटी गपचूप खाली ठिवली. आज दूध हाय, उद्या काय आसंल?

त्यात माकडांपायी तिची खिडकी कायम बंद. हितली माकडं शिजलेलं भगुलं बी उचलून न्हेतात. मी सांगून सांगून दमले, रांधताना तरी उघड गं. व्हय व्हय म्हनायची.

एका ऐतवारी चंपा जेवायला आलेली. ज्योत्स्नानं भगुलं काठोकाठ भरलं, पास्ता सोडला, वर झाकन ठिवलं, आन् मागं कपडे वाळत घालाय गेली. त्या पान्याला फेस येतो, लक्ष न्हाई दिलं तर दुधावानी उतू जातं. तसंच झालं. खालची आग इझली. ग्यास मातर चालूच.

मी मागच्या दारानं आत शिरले तर असा भपकारा का डोळ्यांत पानी आलं. ज्योत्स्ना शेगडीपाशी हुबी. आग इझलेली बघून तिनं लायटर उचललेला.

"हात खाली!" असली वरडले की लायटर तिच्या हातनं पडला. मी बटन बंद केलं, खिडकी ढकलली. दोन्ही लेकरं ताटं घिऊन दारातच हुबी हुती गं.

चंपा नाकाला पदर लावून आली. "अगं बया, येवढा वास सुटलाय! नाक कुटं ठिवलंय हिनं?"

ज्योत्स्ना भिताडाला टेकली. "न्हाई मला नाक, वन्सं. त्या तापापासनं न्हाई."

प्रज्ञेशनं लेकरांना उचलून भाईर न्हेलं. आबांनी शेगडीचं बटन परत एकदा पिळून बघितलं. मग म्हनले, "चंपे, उद्यापासनं तू रांध." रागानं न्हाई म्हनले. भ्याले हुते.

त्यांचं तरी काय चुकलं? तवापासनं त्या घरात फोडनी बसती, पर चंपाच्या हातची. ज्योत्स्ना वसरीवर तांदूळ निवडायची, दळन आनायची. जेवताना तिला कुनी काय इचारत बी न्हवतं. पोर वाळत चाललेली.

आन् आता खंडाळ्याच्या एका बंगल्यावर सैपाकाला लागलीया. मुंबैचे पाव्हने येत्यात, त्यांला पास्ता लागतो, हिच्या हातचा लय आवडतो म्हनं. तोंडावर कळा आली तिच्या. काल सकाळी जीपची वाट बघत हुबी हुती, मी गाठलंच.

"बंगल्यावाल्यांना सांगितलंस का?"

"त्यांनी इचारलंच न्हाई, मावशी."

"आन् तितं तुज्या मागं वास घ्यायला कोन हाय गं?"

तेवढ्यात जीप आली. पदर खोचून चढली, आन् जीप सुटता सुटता हसून म्हनती, "शनवारी बंगला भरनार हाय, मावशी. लेकरंबाळं बी येनार हायत."